पुरस्कारांची यादी कशी वाचावी? : साहित्य अकादमीचा हिंदी पुरस्कार आणि मुक्तिबोध

पदव्युत्तर वर्गाला तौलनिक साहित्य शिकवताना मी दरवर्षी एक लहानशी चाचणी घेतो. हिंदी आणि मराठीतील काही लेखक, त्यांचे ग्रंथ आणि त्यांना मिळालेले पुरस्कार यांच्या जोड्या लावायच्या असतात. एका वर्षी एका विद्यार्थिनीने लिहिले, 'गजानन माधव मुक्तिबोध : साहित्य अकादमी पुरस्कार, १९६६'. मी उत्तर चुकीचे ठरवले. तास संपल्यावर ती वही घेऊन माझ्याकडे आली. स्पर्धा परीक्षेसाठी तिने पुरस्कारांची जी यादी पाठ केली होती, तीत १९६६ या सालापुढे खरोखरच 'मुक्तिबोध' असे छापलेले होते. "सर, यादीत आहे की," ती म्हणाली.

यादीत होते, हे खरे. पण ते ग्रंथाचे नाव होते. १९६६ चा हिंदीसाठीचा साहित्य अकादमी पुरस्कार जैनेंद्रकुमार यांच्या 'मुक्तिबोध' या कादंबरीला मिळाला. राजकारणात वावरणाऱ्या एका माणसाच्या मनातील ओढाताणीची ती गोष्ट आहे. कवी मुक्तिबोधांशी तिचा संबंध नाही. मुलीने ग्रंथाचा रकाना लेखकाचा समजून वाचला होता. मी तिला हे सांगितले, तेव्हा तिने विचारले, "मग मुक्तिबोधांना कोणत्या वर्षी मिळाला?"

कोणत्याच वर्षी नाही, असे उत्तर दिल्यावर तिचा चेहरा उतरला. ही मुलगी घरी मराठी बोलते आणि कविता हिंदीत लिहिते. मराठी घरातला एक मुलगा हिंदीचा एवढा मोठा कवी झाला, हा तिला आधार वाटत असावा. "म्हणजे तिकडच्यांनी त्यांना मानले नाही का?" असे तिने विचारले. त्या प्रश्नाला दोन वाक्यांत उत्तर देता आले नाही. पुढच्या तासाला मी अभ्यासक्रम बाजूला ठेवला आणि १९५५ पासूनची हिंदी पुरस्कारांची यादी फळ्यावर लिहून काढली. त्या तासात आणि त्यानंतरच्या काही तासांत आम्ही जे पाहिले, त्याचा हा आढावा आहे. हिंदी मुलुखात मराठी शिकवणाऱ्या शिक्षकांना तो उपयोगी पडेल असे वाटते.

पुरस्कार कशाला मिळतो?

पहिली गोष्ट वरकरणी साधी आहे, पण वर्गात ती वारंवार सांगावी लागते. साहित्य अकादमीची स्थापना १९५४ साली झाली आणि १९५५ पासून वार्षिक पुरस्कार सुरू झाले. आरंभी पुरस्काराची रक्कम पाच हजार रुपये होती, आज ती एक लाख आहे. सोबत एक ताम्रपट दिला जातो. त्याची रचना सत्यजित राय यांनी केली आहे. आज चोवीस भाषांसाठी हे पुरस्कार दिले जातात. निवड तीन परीक्षकांची समिती करते आणि कार्यकारी मंडळ तिला मान्यता देते.

या सगळ्यात महत्त्वाचे असे की पुरस्कार ग्रंथाला मिळतो. लेखकाच्या एकूण कामगिरीसाठी अकादमीची 'महत्तर सदस्यता' हा वेगळा सन्मान आहे. वार्षिक पुरस्कारासाठी ग्रंथ ठरावीक वर्षांच्या मुदतीत प्रथम प्रकाशित झालेला असावा लागतो. सध्या ही मुदत पाच वर्षांची आहे. म्हणजे परीक्षकांसमोरचा प्रश्न 'या भाषेतला मोठा लेखक कोण?' असा नसतो. त्या मुदतीत निघालेल्या पुस्तकांपैकी कोणते निवडावे, एवढाच तो असतो. आपण मात्र यादी वाचताना पहिल्या प्रश्नाचे उत्तर तिच्यात शोधतो.

ग्रंथाला पुरस्कार म्हणजे नेमके काय, हे मराठीच्या यादीवरून चटकन लक्षात येते. १९५६ चा मराठी पुरस्कार बा. सी. मर्ढेकरांना मिळाला, तो 'सौंदर्य आणि साहित्य' या ग्रंथासाठी. मराठी कवितेचे वळण बदलणाऱ्या या कवीची नोंद यादीत सौंदर्यमीमांसक म्हणून आहे. हिंदीत रामधारीसिंह दिनकरांचे तसेच झाले. ओजस्वी कवी म्हणून घरोघर माहीत असलेल्या दिनकरांना १९५९ चा पुरस्कार 'संस्कृति के चार अध्याय' या सांस्कृतिक इतिहासाच्या ग्रंथासाठी मिळाला.

पहिल्या दहा वर्षांचे चित्र

विद्यार्थ्यांना मी १९५५ ते १९६४ ही दहा वर्षे आधी वाचायला लावली. १९५५ चा पहिला हिंदी पुरस्कार माखनलाल चतुर्वेदींच्या 'हिमतरंगिनी' या काव्यसंग्रहाला मिळाला. माखनलालजींचे नाव खंडव्याशी जोडलेले, म्हणून आमच्या मुलांना ते जवळचे वाटतात. त्यांनी संपादित केलेले 'कर्मवीर' हे पत्र १९२० साली जबलपूरहून निघाले, तेव्हा त्यामागे माधवराव सप्रे यांचा पुढाकार होता, हेही मी येथे सांगतो. मराठी मातृभाषेच्या सप्र्यांनी 'छत्तीसगढ मित्र' काढले आणि 'दासबोध' व 'गीतारहस्य' हिंदीत आणले. यादीत त्यांचे नाव असणे शक्यच नव्हते, कारण अकादमी स्थापन होण्यापूर्वी अठ्ठावीस वर्षे, १९२६ साली ते निवर्तले होते.

पुढची चार वर्षे पाहावीत. १९५६ ला वासुदेवशरण अग्रवाल यांची 'पद्मावत'वरील टीका, १९५७ ला आचार्य नरेंद्रदेव यांचा 'बौद्ध धर्म-दर्शन', १९५८ ला राहुल सांकृत्यायन यांचा 'मध्य एशिया का इतिहास' आणि १९५९ ला दिनकरांचा वर उल्लेखिलेला ग्रंथ. सलग चार वर्षे विद्वत्तेच्या ग्रंथांना मान मिळाला. १९६० ला सुमित्रानंदन पंतांचा काव्यसंग्रह आला, १९६१ ला भगवतीचरण वर्मांची कादंबरी. १९६२ ला हिंदीत पुरस्कारच दिला गेला नाही. १९६३ ला अमृतराय यांनी लिहिलेले प्रेमचंदांचे चरित्र आणि १९६४ ला अज्ञेयांचा 'आँगन के पार द्वार' हा काव्यसंग्रह.

दहा वर्षांत नऊ पुरस्कार, त्यांपैकी कवितेला तीन आणि कादंबरीला एक. हे मोजल्यावर मुलांच्या ध्यानात आले की त्या काळी 'साहित्य' हा शब्द बराच व्यापक अर्थाने घेतला जात होता. एका मुलाने विचारले, "यात बाईचे नाव कुठे आहे?" आम्ही खाली खाली शोधत गेलो. हिंदीच्या यादीत पहिली लेखिका भेटते ती १९८० साली, कृष्णा सोबती, 'ज़िन्दगीनामा'साठी. मराठीत इरावती कर्वे यांना 'युगान्त'साठी १९६८ साली पुरस्कार मिळाला होता. महादेवी वर्मा हिंदीच्या या वार्षिक यादीत कोठेच नाहीत. त्यांना १९७९ साली अकादमीची महत्तर सदस्यता आणि पुढे १९८२ चा ज्ञानपीठ पुरस्कार मिळाला. निरालाही या यादीत नाहीत. तेव्हा यादीत नसणे हा एकट्या मुक्तिबोधांचा प्रश्न नाही, हे येथवर स्पष्ट झाले.

मुक्तिबोध का नाहीत?

गजानन माधव मुक्तिबोध यांचा जन्म १३ नोव्हेंबर १९१७ रोजी ग्वाल्हेर संस्थानातील श्योपूर येथे झाला. घर मराठी, वडील संस्थानच्या पोलीस खात्यात. बालपण उज्जैन व माळव्यातील इतर गावांत गेले, बी.ए.चे शिक्षण इंदूरच्या होळकर कॉलेजात झाले. पुढे शिक्षकी, पत्रकारिता, नागपूरला आकाशवाणी, पुन्हा पत्रकारिता आणि १९५८ पासून राजनांदगावच्या दिग्विजय महाविद्यालयात अध्यापन. स्थैर्य असे फारसे लाभलेच नाही. १९६२ साली त्यांच्या इतिहासाच्या पुस्तकावर मध्य प्रदेश शासनाने बंदी घातली. १९६४ च्या आरंभी ते आजारी पडले, भोपाळ आणि नंतर दिल्ली येथे उपचार झाले, आणि ११ सप्टेंबर १९६४ रोजी त्यांचे निधन झाले.

आता पुरस्काराचा नियम या आयुष्याशेजारी ठेवून पाहावा. पुरस्कार ग्रंथाला मिळतो, आणि मुक्तिबोधांच्या हयातीत त्यांचा स्वतंत्र काव्यसंग्रह निघालाच नव्हता. १९४३ च्या 'तार सप्तक'मधील सात कवींपैकी ते एक, पण तो सामूहिक संग्रह. त्यांच्या दीर्घ कविता लिहून पूर्ण व्हायला वर्षे लागत, आणि झाल्या तरी त्या नियतकालिकांत विखुरलेल्या किंवा घरी कागदांत पडून असत. 'चाँद का मुँह टेढ़ा है' हा त्यांचा पहिला काव्यसंग्रह १९६४ साली भारतीय ज्ञानपीठाने प्रकाशित केला, पण तो हातात घ्यायला ते राहिले नाहीत. 'अँधेरे में' ही त्यांची सर्वांत गाजलेली कविता हैदराबादहून निघणाऱ्या 'कल्पना' मासिकात आली, तीही मृत्यूनंतरच. कवी म्हणून वीस-पंचवीस वर्षे लिहिणाऱ्या या माणसाकडे, पुरस्काराच्या भाषेत सांगायचे तर, विचारात घेण्याजोगे कवितेचे पुस्तकच नव्हते.

मृत्यूनंतर पुरस्कार देता येत नाही, असे मात्र कोणी म्हणू नये. आचार्य नरेंद्रदेवांना तो मरणोत्तर मिळाला होता. मराठीत मर्ढेकरांचे तेच, आणि १९६६ साली त्र्यं. शं. शेजवलकरांचेही. त्यामुळे १९६४ नंतर 'चाँद का मुँह टेढ़ा है'चा विचार होणे अशक्य नव्हते. प्रत्यक्षात १९६५ चा पुरस्कार डॉ. नगेंद्र यांच्या 'रस सिद्धांत'ला, १९६६ चा जैनेंद्रकुमारांच्या कादंबरीला, १९६७ चा अमृतलाल नागर यांच्या 'अमृत और विष'ला आणि १९६८ चा बच्चन यांच्या 'दो चट्टानें'ला मिळाला. या पुस्तकांना तुच्छ लेखण्याचे कारण नाही. पण आज मागे वळून पाहताना हिंदी कवितेवर त्या काळातील कोणत्या पुस्तकाचा ठसा सर्वांत खोल उमटला, असे विचारले तर यादीबाहेरच्या त्या संग्रहाचे नाव टाळता येत नाही.

दुसरा रकाना

याच ठिकाणी विद्यार्थिनीची ती चूक मला उपयोगी पडली. तिने लेखकाच्या रकान्याऐवजी ग्रंथाचा रकाना वाचला होता. मी वर्गाला म्हटले, आपण सगळेच आता तो रकाना वाचू.

१९६३ : 'प्रेमचंद : कलम का सिपाही'. १९३६ साली निवर्तलेल्या प्रेमचंदांना पुरस्कार मिळणे शक्य नव्हते. त्यांच्या मुलाने लिहिलेल्या चरित्रातून ते यादीत आले. १९७० : 'निराला की साहित्य साधना'. निराला १९६१ साली गेले, पुरस्काराविना. रामविलास शर्मांच्या ग्रंथातून तेही यादीत आले. १९७१ : नामवरसिंह यांचा 'कविता के नये प्रतिमान'. शीर्षकात कोणा कवीचे नाव नाही, पण ज्यांनी हा ग्रंथ वाचला आहे त्यांना ठाऊक आहे की नव्या कवितेचे निकष मांडताना नामवरजींनी मुक्तिबोधांना मध्यभागी ठेवले आणि 'अँधेरे में'ची सविस्तर चिकित्सा केली. मुक्तिबोधांच्या निधनानंतर सात वर्षांनी, त्यांची कविता कशी वाचावी हे सांगणारा ग्रंथ पुरस्कृत झाला.

लेखकाच्या रकान्यात ज्यांना जागा मिळाली नाही, ते तिघेही दुसऱ्या रकान्याच्या वाटेने आत आले. वर्गात हे सापडले तेव्हा मलाही नव्याने सापडल्यासारखे वाटले, कारण ही यादी मी कित्येक वर्षे केवळ घोकण्याची गोष्ट म्हणून शिकवत आलो होतो.

मग आम्ही आणखी एक उद्योग केला. फळ्याच्या मध्यभागी मुक्तिबोधांचे नाव लिहिले आणि यादीतील ज्या लेखकांचा त्यांच्याशी ज्ञात संबंध आहे, त्यांच्यापर्यंत रेघा ओढल्या. १९६४ चे अज्ञेय हे 'तार सप्तक'चे संपादक. त्याच सप्तकातील रामविलास शर्मा १९७० साली, भारतभूषण अग्रवाल १९७८ साली मरणोत्तर आणि गिरिजाकुमार माथुर १९९१ साली. १९७७ चे शमशेरबहादूरसिंह यांनी 'चाँद का मुँह टेढ़ा है'ची प्रस्तावना लिहिली. १९८२ चे हरिशंकर परसाई हे त्यांचे स्नेही, जबलपूरहून 'वसुधा' काढणारे. १९८७ साली 'मगध'साठी मरणोत्तर पुरस्कार मिळालेले श्रीकांत वर्मा त्या संग्रहाच्या प्रकाशनासाठी झटले होते. १९९९ चे विनोदकुमार शुक्ल यांना तरुणपणी राजनांदगावात मुक्तिबोधांचा सहवास लाभला. २०१२ चे चंद्रकांत देवताले यांनी मुक्तिबोधांवर प्रबंध लिहिला, शिवाय दिलीप चित्रे यांच्या मराठी कविता हिंदीत आणल्या. नामवरसिंह धरून दहा रेघा झाल्या. मधले नाव मात्र यादीत नव्हते.

ती मुलगी काही वेळ फळ्याकडे पाहत राहिली. "तिकडच्यांनी मानले नाही का?" या तिच्या प्रश्नाला हेच उत्तर होते, आणि ते मी न देता तिने स्वतः वाचले.

एका घरातील दोन भाषा

हिंदी प्रांतांतील मराठी शिक्षकांना या प्रकरणात आणखी एक धडा मिळतो. 'तार सप्तक'च्या सात कवींपैकी दोघे मराठी घरातले, मुक्तिबोध आणि ग्वाल्हेरचे प्रभाकर माचवे. दोघांचेही जन्मसाल १९१७. सातांपैकी चौघांना अकादमीचा पुरस्कार मिळाला, त्यांत हे दोघे नाहीत. नेमिचंद्र जैनही नाहीत, तेव्हा यावरून मातृभाषेचा काही निष्कर्ष काढणे चुकीचे ठरेल. माचवे तर अकादमीतच अधिकारी होते आणि पुढे तिचे सचिव झाले.

मुक्तिबोधांचे धाकटे बंधू शरच्चंद्र मात्र मराठीतच लिहीत राहिले. 'नवी मळवाट'चे कवी आणि 'क्षिप्रा'चे कादंबरीकार म्हणून आपण त्यांना ओळखतो. १९७९ चा मराठीसाठीचा साहित्य अकादमी पुरस्कार त्यांना मिळाला, 'सृष्टी, सौंदर्य आणि साहित्यमूल्य' या समीक्षाग्रंथासाठी. मुक्तिबोध हे आडनाव लेखकाच्या रकान्यात शोधायचे असेल तर ते मराठीच्या यादीत सापडते. तेथेही कवीची नोंद सौंदर्यविचारासाठीच झाली आहे, मर्ढेकरांसारखी.

एकाच घरातील दोन भावांनी दोन भाषा निवडल्या. एकाने आपली भाषा सोडली आणि दुसऱ्याने राखली, अशी त्याची मांडणी आपल्या सभासंमेलनांतून कधीकधी ऐकू येते. मला ती पटत नाही. माळव्यात वाढलेल्या मुलाला घराबाहेर पडले की हिंदी भेटते. शाळेत, बाजारात, मित्रांत तीच असते. ज्या भाषेत त्याचे वाद होतात आणि ज्या भाषेत त्याला रात्री झोप लागत नाही, त्या भाषेत तो लिहिणार. हिंदीत कविता लिहिणाऱ्या मुलीला 'मराठी का सोडलीस?' असे विचारण्यापेक्षा, 'मराठीत काय वाचतेस?' असे विचारणे मला अधिक योग्य वाटते. देवताल्यांचे चित्रे यांच्याकडे जाणे किंवा सप्र्यांचे 'दासबोध' हिंदीत आणणे, ही कामे दोन्ही भाषा वाचणाऱ्यांच्याच हातून झाली.

वर्गासाठी

पुरस्कारांची यादी परीक्षेत विचारली जाते, त्यामुळे ती पाठ करू नका असे मी मुलांना सांगत नाही. मात्र ती शिकवताना आता तीन गोष्टी करून घेतो.

पहिली, प्रत्येक नोंदीपुढे साहित्यप्रकार लिहायचा. कवी, पण पुरस्कार गद्याला, अशा जागांवर खूण करायची.

दुसरी, पुरस्कृत ग्रंथ कोणाविषयी आहे हे पाहायचे. चरित्र किंवा समीक्षा असेल तर ज्याच्याविषयी ती आहे, त्याचे नाव शेजारी टिपायचे.

तिसरी, यादीत नसलेला एक लेखक प्रत्येकाने निवडायचा आणि यादीतील किती लेखक त्याच्याशी जोडलेले आहेत ते शोधायचे. हे काम मराठी यादीवरही करता येते, आणि वडोदरा, बेळगाव, गोवा येथील शिक्षकांनी आपापल्या प्रांतातील दुसऱ्या भाषेच्या यादीवर ते करून पाहावे. गुजराती, कन्नड आणि कोकणी यांच्या याद्यांत मराठीशी जोडणाऱ्या रेघा नक्कीच निघतील.

चाचणीच्या वहीवरचा माझा शेरा मी नंतर बदलला. उत्तर चूक होते, त्यामुळे गुण देता आले नाहीत. पण समासात लिहिले, 'ग्रंथाचे नाव बरोबर. आता कवीचे पुस्तक वाच.' त्या आठवड्यात तिने ग्रंथालयातून 'चाँद का मुँह टेढ़ा है' नेले. पुस्तकाच्या मागच्या कार्डावर त्याआधीची नोंद बरीच जुनी होती.